डावीकडचे पास

रविवार, ७ सप्टेंबर

काल कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात केड ऑस्ट्रँडरने तीनशे अकरा यार्डांचे पास फेकले. हे मला चर्चच्या पायऱ्यांवर तिघांनी, बेकरीत एकाने आणि घरी आईने सांगितलं. मी कुणालाच विचारलं नव्हतं.

म्हणून दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून सामन्याचं चित्रण पुन्हा पाहिलं, एकेक पास थांबवून. तीनशे अकरापैकी चेंडू हवेतून गेला तो एकशे सोळा यार्ड. बाकीचे झेलणाऱ्यांनी पायांनी काढले. आपल्याकडे रीतच अशी, की क्वार्टरबॅकने, म्हणजे फेकणाऱ्याने, चेंडू हातभर अंतरावर टाकावा, दुसऱ्याने छाती फुटेस्तोवर अर्धं मैदान पळावं आणि सगळे यार्ड लागावेत फेकणाऱ्याच्या नावावर. फोटो त्याचा. नवा पिकअप ट्रक त्याचा. लिनेयाही त्याचीच.

लिहिलं एकदाचं.

लिनेया आणि मी दोन वर्षं स्टेडियमच्या वरच्या काचेच्या खोलीत शेजारी बसून हीच नोंद करायचो. मी बघून बोलायचो, "पास, उजवीकडे, आठ यार्ड, झेलला." माझं वाक्य संपायच्या आत तिचं लिहून झालेलं असायचं. मार्चमध्ये संख्याशास्त्राच्या मास्तरांनी माझा पेपर भर वर्गात उचलून दाखवला आणि म्हणाले, निष्कर्ष आधी ठरवून मग आकडे गोळा करणारा हा नमुना बघून ठेवा. मी पेपर त्यांच्या हातातून ओढला, फाडला आणि बाहेर पडलो तो पुन्हा गेलोच नाही. कॉलेज सुटलं तशी ती काचेची खोलीही सुटली. मे महिन्यात लिनेया म्हणाली, "डेक्स, तुझं भांडण नक्की कुणाशी आहे ते आधी ठरव. मग ये."

ठरवलंय. केडशी आहे.

कॉलेजच्या क्रेन्स संघाच्या चाहत्यांचं एक संकेतस्थळ आहे, तिथे 'टायरवाला' या नावाने सगळे आकडे टाकले. खाली लिहिलं: हा मुलगा चेंडू फेकत नाही, हातात नेऊन देतो.

रविवार, १४ सप्टेंबर

निम्मे लोक शिव्या देतायत, निम्मे विचारतायत पुढच्या सामन्याचं कधी टाकणार. म्हणजे वाचतायत सगळे.

मायलोमामाने जॅक लावता लावता मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, हा टायरवाला कोण गाढव असेल रे. मी म्हटलं मला काय माहीत. मामा म्हणाला, "गावात टायरवाले दोनच. त्यातल्या एकाला स्पेलिंग येत नाही, आणि तो मी." मग कंप्रेसर सुरू केला. पुढे काही बोलला नाही.

कालचा हिशेब आणखी वाईट. वाईट म्हणजे माझ्यासाठी चांगला.

रविवार, २१ सप्टेंबर

क्रेन्स बिक्सबी कॉलेजकडून हरले. मी घरी रेडिओवर ऐकलं आणि रात्री चित्रण पाहिलं. दुसऱ्या सत्रात बिक्सबीचा एक धिप्पाड गडी केडवर येऊन पडला. हेल्मेटच्या गजांतून त्याचं बोट आत गेलं असावं, कारण केड डावा डोळा चोळत उठला. पंचांकडे बघून नाटक केलं, पाणी मारून घेतलं आणि पुन्हा खेळायला आला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझी बोटं टायरच्या पट्टीत रोज सापडतात, मला कुणी टाळ्या वाजवत नाही.

नंतरचे सगळे पास उजवीकडे. दमला असेल महाराज.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज किराणा दुकानासमोर केडचा ट्रक पाहिला. लिनेया चालवत होती. राजपुत्र शेजारी बसून खिडकीत कोपर टाकून वारा खात होता. स्वतःच्या ट्रकला आता सारथीसुद्धा लागतो त्याला. आणि ती माझ्या जुन्या गाडीला कधी हात लावायला तयार नव्हती, क्लच कडक आहे म्हणायची.

तिने मला पाहिलं. हात वर केला. मी केला नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

केड दुकानात आला. ट्रक घेऊन, एकटा. पुढचा डावा टायर बाजूने फाटलेला, डावा आरसा गायब, दारावर मागपर्यंत ओरखडा. फाटकाच्या खांबाला घासला म्हणाला. मामाने वाकून बघितलं आणि केड क्षणभर बाहेर गेल्यावर म्हणाला, "पितोय वाटतं पोरगा. सरळ माणूस एकाच बाजूने एवढा घासत नाही." मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की मी तो टायर फुकट बदलायला तयार होतो.

पावती केली आणि काउंटरवर सरकवली. तो समोर बघत उभा. पावती त्याच्या डाव्या कोपराशी, आणि साहेब बघतायत कॅलेंडरकडे. मी पेन आपटलं तेव्हा कुठे सगळं तोंड वळवून शोधली. माझ्याकडे नजरसुद्धा टाकायची नाही असं ठरवूनच आला होता. टायरवाला कोण, हे त्याला कळलंय.

ट्रक दुरुस्तीला ठेवून जाताना म्हणाला, "डेक्स, तुझे आकडे बरोबर असतात." चिडवत होता.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

ट्रक न्यायला लिनेया आली. मेला मामा मुद्दाम मागच्या खोलीत गेला.

ती काउंटरला टेकून म्हणाली, "टायरवाला, तुझ्या तक्त्यात एक चूक आहे."

मी म्हटलं, दाखव.

"पाडलेले कुठे आहेत?"

मलाही दिसलं होतं, नाही असं नाही, पण सवयीने डोळा पुढे गेला होता. चेंडू फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला मागे पाडलं, की जेवढे यार्ड गेले ते पासमधून वजा होत नाहीत. कॉलेजच्या खेळात ते धावण्याच्या रकान्यात जातात. पैसे घेऊन खेळणाऱ्या मोठ्या संघांत असं नसतं, फक्त आपल्यात. त्यामुळे पासचा तक्ता कायम स्वच्छ.

"कागदावर तो वाईट धावलाय," लिनेया म्हणाली. "पडला कधीच नाही."

किल्ल्या घेऊन गेली. डोळ्यांखाली काळं झालंय तिच्या.

मी तासभर आनंदात होतो. पाडलेले धरले की केडचे आकडे आणखी घसरतात, हे तिला माझ्याइतकंच कळतं. आपल्याच माणसाच्या पाठीत खुपसायला तिने मला सुरी आणून दिली. म्हणजे यांचं फाटलंय.

रविवार, ५ ऑक्टोबर

सगळे सामने पुन्हा मोजले. पाडलेला एकोणीस वेळा. ते यार्ड उचलून पासच्या रकान्यात आणले तर एकेका पासाची सरासरी सातवरून सहाच्याही खाली येते. टाकलं. रात्रीपर्यंत संकेतस्थळ पेटलं. कुणीतरी लिहिलं, या पोराला कुणी सांभाळत का नाही. मूर्ख आहे. विषय सांभाळण्याचा नाही, फेकण्याचा आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

हाताला लागलंय काहीतरी.

मैदानाचे दोन भाग केले, डावा आणि उजवा. बिक्सबीच्या आधी डावीकडे एकतीस पास, बावीस पोचले. बिक्सबीनंतर तीन सामन्यांत डावीकडे चौदा, पोचले दोन. तेही कसे, झेलणाऱ्याने उलटं वळून जमिनीवरून खरवडून घेतले म्हणून. उजवीकडे मात्र जसाच्या तसा, उलट थोडा बरा.

असा तक्ता मी आयुष्यात पाहिलेला नाही. एखाद्याने मैदान मधोमध कापून अर्धं फेकून द्यावं तसा.

मथळा दिला: 'डावीकडे भूत बसलंय का?' खाली लिहिलं, बिक्सबीच्या एका गड्याने हा इतका घाबरवलाय की त्या बाजूला बघायची हिंमत होत नाही. भित्रा हा शब्द तीनदा वापरला. एकदा खोडला, मग परत लिहिला.

रविवार, १९ ऑक्टोबर

काल मी तिकीट काढून स्टेडियमवर गेलो, मार्चनंतर पहिल्यांदा.

पाहुण्यांनी टायरवाला वाचलेला होता. दुसरं काही असूच शकत नाही. त्यांचा सगळ्यात वेगवान गडी प्रत्येक वेळी डावीकडून येत होता आणि केड एकदाही वळला नाही. एकदाही. बैल चालून येतोय आणि माणूस दुसरीकडे बघत उभा. सात वेळा आडवा झाला. पाचव्या वेळी सोबत्याने उठवायला डावीकडून हात पुढे केला, तो त्याने घेतलाच नाही, एकटाच उठला. माझ्या पुढे बसलेला म्हातारा म्हणाला, रागावलाय.

मला मजा यायला हवी होती. आली. सातव्या वेळी जरा कमी आली, तेवढंच.

वर काचेच्या खोलीत लिनेया दिसत होती. लिहीत नव्हती. दोन्ही हात काचेला लावून उभी होती.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

शनिवारी पुन्हा तेच. हरले, आणि पाच वेळा पाडला. मी टाकलं नाही काही. कंटाळा आला होता.

आज लिनेया दुकान बंद व्हायच्या वेळी आली. मी म्हटलं, त्याची बाजू घेऊन रडायला आली असशील तर मामाकडे रुमाल आहे.

ती रडली नाही. म्हणाली, "तू 'किती' सगळ्यात छान विचारतोस, डेक्स. 'का' एकदाही विचारलं नाहीस."

मी म्हटलं, घाबरतो म्हणून. लिहिलंय मी.

"मग गुरुवारी ओल्सनच्या खानावळीत ये. कोचला माईकवर विचार, सगळ्यांसमोर. मी विचारू शकत नाही, मी वचन दिलंय. संघातलं कुणी विचारणार नाही, त्यांना खेळायचंय. तुला कोण अडवणार? तुझं तिथे घालवायला काही उरलेलंच नाही."

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मला झोंबायला ती गेल्यावर पाच मिनिटं लागली. कसलं वचन, तेही विचारायचं राहिलं. प्रेमाचंच असणार.

जाणार आहे. असा विचारीन की सगळं गाव ऐकेल.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

काल काय झालं ते नीट लिहितो, कारण मला अजून नीट कळलेलं नाही.

दर गुरुवारी ओल्सनच्या खानावळीत कोच बुएल रेडिओवाल्याबरोबर बसतात, लोक राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे गोड रोल खातात, ज्याला प्रश्न असेल त्याने माईक घ्यायचा. सोबत दोन खेळाडू येतात. काल केड होता. त्याची आई मागच्या टेबलावर. लिनेया दाराशी, कोट न काढता.

मी माईक घेतला आणि आकडे वाचले. पाडलेला चौतीस वेळा. डावीकडे बिक्सबीआधी बावीस पोचले, नंतर पाच सामन्यांत दोन. मग विचारलं, "कोच, तुमचा क्वार्टरबॅक डावीकडे का बघत नाही?"

कोच बुएलनी रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "टायरवाल्यांनी टायरात हवा भरावी. हवेतल्या चेंडूंची काळजी आम्ही घेतो." मग हशा, टेबलं बडवणं. कॉलेज सोडलेल्यांच्या सल्ल्याबद्दल त्यांनी आणखी काहीतरी म्हटलं, त्यावर पुन्हा हशा.

केडही हसला. तेवढंच पाहिलं मी.

माझ्या शेजारच्या टेबलावर रोलचं ताट होतं. मी केडच्या डाव्या हाताला, चार पावलांवर. एक उचलला आणि सगळा राग हातात आणून त्याच्या तोंडावर फेकला. आवाज दिला नाही. इतक्या जवळून आलेली वस्तू हा माणूस झोपेत झेलतो, शाळेत माझा खडू त्याने न बघता झेललाय. त्याने पापणीसुद्धा हलवली नाही. रोल थाडकन गालावर बसला, साखरेचा पाक कानापर्यंत गेला, आणि मग त्याचे दोन्ही हात वर आले. वळला तो उजवीकडे. कुणी फेकलं ते उजवीकडे शोधत होता.

मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. रेडिओवाल्याने हेडफोन काढून ठेवला.

त्याची आई उठून आली. त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली, गालापासून हातभर अंतरावर तीन बोटं धरली आणि म्हणाली, "केड, किती?"

तो म्हणाला, "काय किती?"

मी निघून आलो. एका रोलवरून एवढं काय. त्याने हात का उचलला नाही हे मला कळत नाहीये. मला खाली बघायला लावायला असेल. तसंच असेल.

सोमवार, ३ नोव्हेंबर

डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. बिक्सबीच्या बोटापासून. आधी कडेला सावली, मग निम्मा डोळा अंधारात. शनिवारी ओमाहाला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक जोराचा धक्का बसला असता तर डोळा गेलाच होता. त्याने फक्त लिनेयाला सांगितलं होतं, हंगाम संपेपर्यंत तोंड न उघडायच्या वचनावर. कोच बुएल रजेवर गेलेत. कॉलेज म्हणतं, कुणालाच कल्पना नव्हती.

म्हणून ट्रक ती चालवत होती. म्हणून आरसा. म्हणून पावती. आणि मी भित्रा हा शब्द परत लिहिला होता.

आता खरा वैताग ऐका. काल पाद्रीबाबांनी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं. जो मुलगा सगळ्यांच्या आधी बघू शकला, म्हणाले. दुकानात तीन बायका कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, घेऊन आल्या. केडची आई आली आणि मला मिठी मारून माझी कॉलर भिजवून गेली. मी म्हटलं, काकू, मी त्याला लागावं म्हणून फेकला होता. ती म्हणाली, किती विनयी आहेस.

मामा तोंडात कोलाच कोंबून म्हणाला, "जर्दाळूचे तुझ्या पुण्याईने, खसखशीचे माझ्या." मी पाना भिंतीवर फेकला.

दोन महिने मी त्या माणसाला संपवायला बसलो होतो. पाडलेल्याचे यार्ड धावण्याच्या रकान्यात टाकतात ना, तसा माझा सूड या लोकांनी उचलून भलत्याच रकान्यात टाकलाय. आणि दुरुस्त करायला गेलं तर ऐकत नाहीत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

लिनेया भेटली, स्टेडियमच्या मागच्या पार्किंगमध्ये. आत सामना चालू होता, नवा क्वार्टरबॅक खेळत होता. तिने काचेची खोली सोडलीय.

मी विचारलं, तू मलाच का गाठलंस. मनात काहीतरी वेगळं उत्तर होतं. ते इथे लिहीत नाही.

ती म्हणाली, "ज्यांना तो आवडतो त्यांच्यापैकी कुणी विचारलं नसतं. सगळ्यांना तो खेळायला हवा होता. मलासुद्धा, थोडा. थांबणार नाही इतका राग फक्त तुझ्याकडे होता."

मी विचारलं, म्हणजे वापरलंस मला.

"हो."

माफी मागितली नाही. माझ्या बाहीवर डिंक लागला होता तो नखाने खरवडला, जशी पूर्वी करायची तशी, आणि गेली. ट्रककडेच गेली. ट्रकमध्ये कुणी नव्हतं, पण ट्रक त्याचाच होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर

केड आला. डोळ्यावर झाकण, दाढी वाढलेली. लिनेया बाहेर ट्रकमध्ये इंजिन चालू ठेवून बसलेली. मामा या वेळी मागे गेला नाही, हात पुसत उभाच राहिला.

केड म्हणाला, "सगळे तुझे आभार मानतायत. मी मानणार नाही."

मी म्हटलं, मानू नकोस.

"दोनच सामने राहिले होते. शेवटच्याला मोठ्या संघांची माणसं मला बघायला येणार होती. आता हेल्मेट घालायचं नाही, कधीच. पडदा चिकटवलाय, पण डावीकडचं परत येणार नाही म्हणतात." मग म्हणाला, "तू मला लागावं म्हणूनच फेकला होतास."

"हो."

"आईला मी सांगितलं. तिला पटत नाही."

"मी पण सांगितलं."

मामाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. मला वाटलं केड आता मारेल आणि मी मारून घ्यायला तयार होतो. खरं तर बरंच वाटलं असतं. त्याने खिशातून एक टेनिसचा चेंडू काढला आणि काउंटरवर ठेवला.

डॉक्टरांनी सांगितलंय, मान आणि उजवा डोळा लवकर वळायची सवय लावायची. कुणीतरी रोज डावीकडून चेंडू फेकायचा. गाडी चालवायची असेल, रस्ता ओलांडायचा असेल, तर हे यायला हवं.

"लिनेया फेकते," तो म्हणाला. "हळू फेकते. आई तर फेकायच्या आधी नाव घेऊन सांगते. संघातले लोक रडायला लागतात."

मी विचारलं, मग मी काय करू.

"तुला माझी दया येते?"

मी खरंच शोधून पाहिलं. बाहेर ट्रकच्या काचेतून लिनेयाचं अर्धं डोकं दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच आलोय," केड म्हणाला. "साडेपाचला दुकान बंद होतं ना?"

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुकानामागच्या सिमेंटवर उभा केला त्याला. मामा उलट्या बादलीवर बसून नोंद घेत होता, कारण मी बघून बोलतो, कुणीतरी लिहायला लागतं. पास, डावीकडे, दहा यार्ड. त्याचं स्पेलिंग भयंकर आहे.

वीस फेकले. आठ अंगावर बसले, त्यातला एक कानावर. नऊ हाताला लागून सुटले. तीन झेलले.

एकही हळू फेकला नाही.